पोट्ट्यांचा बफर झोन

चंद्रपूर जिल्ह्यात जन्म घ्यायचाच असेल तर तो वाघाच्या पोटी घ्यावा. ताडोबा-अंधारीत त्याच्यासाठी ६२५ चौरस किलोमीटरचा गाभा राखून ठेवलेला आहे, भोवताली ११०० चौरस किलोमीटरचा बफर. उन्हाळ्यात पाणवठे भरून द्यायला माणसं आहेत, मंगळवारी हक्काची सुट्टी आहे, आणि उरलेले दिवस त्याची शेपटी तरी दिसावी म्हणून मोहर्लीच्या गेटवर जिप्सींची रांग आहे. पोट्ट्यांच्या वाट्याला काय? शहराच्या विकास आराखड्यात हिरवा रंग दिलेला एक चौकोन आणि त्यात 'क्रीडांगण' अशी बारीक अक्षरं. १९६६ च्या नगररचना कायद्यानं या चौकोनाला दहा वर्षं दिली आहेत. तेवढ्यात जागा ताब्यात घेतली नाही तर मालक नोटीस देतो, नोटिशीची मुदत सरते आणि आरक्षण उडतं. तोपर्यंत ज्याच्यासाठी आरक्षण होतं त्याला मिसरूड फुटलेलं असतं, म्हणजे तक्रारही आपोआप निकाली.

तेव्हा आमची सूचना अशी, की सरकारनं दहा वर्षांखालचे सगळे पोट्टे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत टाकावेत आणि व्याघ्र प्रकल्पाच्या धर्तीवर 'बालक प्रकल्प' जाहीर करावा. हसू नका जी. अधिवास म्हणजे काय, हे या राज्यात फक्त वनखात्याला कळतं. वाघ जगवायचा तर आधी गवत राखावं लागतं; गवतामागून चितळ येतं, चितळामागून वाघ. ताडोब्यातलं रामदेगीजवळचं नवेगाव उठलं आणि त्या जागी कुरण झालं. तिथं गट्टू बसवायचा प्रस्ताव कुण्या साहेबानं दिल्याचं ऐकिवात नाही. आमच्या वॉर्डातल्या मैदानाचा 'विकास' झाला तेव्हा मात्र पहिला मान गट्टूंना. त्यांच्या आड येतो म्हणून कडुनिंब गेला. मग आली खुली व्यायामशाळा, मग सेल्फी पॉइंट, मग कमान, कमानीवर ओळीनं फोटो. एवढं करून जी जागा उरली तिथं सिमेंटचा वाघ बसवला. दुपारी पोट्टे त्याच्या पोटाखाली दाटीवाटीनं बसलेले असतात. आख्ख्या मैदानात तेवढीच सावली.

घसरगुंडी पत्र्याची, तोंड पश्चिमेला. आपल्याकडे चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा पारा मे महिन्यात ४६ च्या पलीकडे जातो, हे बातम्यांत अभिमानानं सांगतात. अंदाजपत्रक करणाऱ्यानं बातम्या पाहिल्या नसाव्यात. उन्हं कलायला लागली की एक पोट्टी पाण्याची बाटली घेऊन शिडीनं वर जाते. पत्र्यावर धार सोडते. पाणी तळाशी पोचायच्या आधीच वाळतं. मग ती खताची रिकामी चुंगडी अंगाखाली घेते, दोन्ही पाय वर उचलते आणि सर्रकन खाली. खाली उभा असलेला भाऊ चुंगडी उचलून वर धावतो, त्याच्यामागं रांग. आख्ख्या वॉर्डाची घसरगुंडी त्या एका चुंगडीवर चालली आहे, आणि मंजूर यादीत चुंगडी कुठंच नाही.

आम्स्टरडॅमच्या पालिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर आल्डो फान आयक नावाचा तरुण वास्तुविशारद नोकरीला होता. १९४७ पासून तीसेक वर्षांत त्यानं शहरातल्या पडीक प्लॉटांवर, रस्त्यांच्या कोपऱ्यांवर सातशेहून जास्त मैदानं आखली. वाळूचा हौद, उलटं लटकायला लोखंडी दांड्या, उड्या मारायला ठोकळे. हत्ती नाही, घोडा नाही, वाघ तर नाहीच. खेळ काय तो पोरानं ठरवावा, वस्तूनं नव्हे, असं त्याचं धोरण. आमच्याकडं असता तर त्याचं पहिलं बिलसुद्धा निघालं नसतं. वाळूच्या हौदावर फोटो लावणार कुठं?

प्रकल्प म्हटला की गणना आली. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याकाठी मचाणावर बसून प्राणी मोजायची आपली जुनी रीत आहे. तशी एक संध्याकाळ फीत कापणाऱ्यांनी मैदानातल्या नळाजवळ मचाण बांधून काढावी. नळाला पाणी होतं का, किती पोट्टे पिऊन गेले, अंधारून आल्यावर किती पोरी थांबल्या आणि किती जणींना घरून हाका आल्या, म्हातारी माणसं टेकली ती बाकावर की बंद पडलेल्या व्यायामयंत्रावर, सगळं दिसेल. निकाल आत्ताच सांगून ठेवतो: गट्टूंवर शून्य. कमानीबाहेरच्या चिंचेवर डाबडुबली खेळणारे पोट्टे मात्र मोजता मोजता नाकी नऊ येतील. भ्रमणमार्गाचं तर बोलूच नका. पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या महामार्गाखाली जनावरांसाठी खास वाटा सोडल्या आहेत. आमचा गडी मैदानात जातो तो कोळशाच्या दोन ट्रकांच्या मधून.

एक गोष्ट मात्र थट्टेची नाही. ऊर्जानगर-दुर्गापूरकडे औष्णिक केंद्राच्या झाडोऱ्यात खरेखुरे वाघ-बिबट फिरतात, आणि तिथं माणसं गेली आहेत, लेकरंही. अशा ठिकाणी मैदानाची सुरुवात घसरगुंडीपासून होत नाही. कचरा साचला की कुत्री आणि डुकरं येतात, त्यांच्या वासावर बिबट येतो. म्हणून आधी झुडपं काढलेली, कचरा रोजच्या रोज उचललेला, दिवा चालू. एवढं झालं तरी अर्धं मैदान झालं. पण झाडूला आणि बल्बला फीत बांधता येत नाही, तिथं घोडं अडतं.

गडचिरोलीत जागेला तोटा नाही, फक्त ती जागा जंगलाची. २००६ च्या वनहक्क कायद्यात कलम ३(२) मोठं दिलदार आहे. ग्रामसभेनं शिफारस केली तर गावच्या सोयीसाठी एक हेक्टरच्या आत वनजमीन मिळते. हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं पाडायची नाहीत, एवढंच. सोयी मोजून तेरा. शाळा आहे, दवाखाना आहे, अंगणवाडी, रेशनचं दुकान, विजेच्या-टेलिफोनच्या तारा, तलाव, नळयोजना, कालवे, रस्ते, समाजमंदिर, सगळं आहे. मैदान नाही. कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटरचं. एका हेक्टरात पाऊणशेच्या वर बसतील. पण यादीत नाही म्हणजे नाही. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची पाच पोरं २०१८ च्या मे महिन्यात एव्हरेस्टवर जाऊन आली. खाली सपाट जागा मिळायची आशा सुटली असावी.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावानं यादीची वाट पाहिली नव्हती. २००९ मध्ये त्यांना अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, त्याच्या कितीतरी आधी त्यांनी जंगलातलं लाकूड आणून घोटुल बांधलं. पोरापोरींनी संध्याकाळी जमायचं, नाचायचं, गायचं, थोरांकडून चार गोष्टी शिकायच्या, अशी ती जागा. वनखात्यानं घोटुल मोडून लाकूड नेलं. गाव पुन्हा बांधायला लागलं, आणि आसपासच्या गावांनीही आपापलं घोटुल उभारायला घेतलं. सगळ्यांचं लाकूड न्यायला ट्रक तरी किती लावणार?

पण सगळीच गावं मेंढ्याएवढी खमकी नसतात. त्यांच्या सरपंचांना आमचा फुकटचा सल्ला: यादीतला 'तलाव' धरा. एक हेक्टरच्या आत, पावसाळ्यात घोट्याएवढं पाणी, दिवाळीपासून मिरगापर्यंत कोरडाठाक सपाट तळ. याला चंद्रपुरात दाखला आहे. कोहिनूर तलावात आज पाणी नाही, मैदान आहे, आणि नाव अजून तलावच. अर्जात प्रयोजन म्हणून 'जलसंधारण' लिहा, सोबत ग्रामसभेचा ठराव जोडा. खेळ हा शब्द तेवढा कुठं येऊ देऊ नका, त्रुटी निघते.