पाते कोणाचे?

नागपुरात कबाड्याच्या ढिगात किंवा पाडायला काढलेल्या वाड्याच्या माळ्यावर गंजलेले पाते सापडले, की त्याचा मालक आधी ठरतो, तपासणी नंतर होते. मालक अर्थातच नागपूरचे राजे भोसले. महाल भागात सापडले तर खुद्द पहिले रघुजी, इतवारीत सापडले तर त्यांचा एखादा सरदार, कामठीत सापडले तर सीताबर्डीच्या लढाईत, म्हणजे नोव्हेंबर १८१७ मध्ये, इंग्रजांच्या हाती लागलेले. यानंतरची शास्त्रीय ओळख म्हणजे या पात्याला एकेक पायरी खाली उतरवणे.

सुरुवात मुठीपासून होते. मुठीला दोन्ही बाजूंनी लाकडी पट्ट्या, आडपट्टीला गोल कडे, पाते सरळ आणि १७ इंच लांब असेल, तर ती तलवार नव्हे. रायफलीच्या तोंडाला लावायची १९०७ च्या नमुन्याची संगीन. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात हेच पाते सुमारे १२ इंचांवर आणले गेले. पात्याच्या बुडाशी ‘आर.एफ.आय.’ असेल तर माल ईशापूरच्या रायफल कारखान्याचा. कामठीला १८२१ पासून लष्कराची छावणी, त्यामुळे संगीन निघण्यात नवल नाही. नवल आहे ते ‘१९४३’ हा ठसा स्वच्छ वाचून दाखवल्यावरही ती पानिपतावरून आणल्याचे सांगणाऱ्या काकांचे.

मूठ देशी असेल, तर पाते तिच्यात राळेने किंवा लाखेने पक्के केलेले असते. नट फिरवून मूठ सुटली, तर वस्तू बहुधा नवरदेवाच्या हाती भाड्याने देण्याची.

परदेशी ठशाने मात्र निराश होऊ नये. मराठ्यांनी युरोपी पाती आवडीने घेतली आणि त्यांना देशी मुठी चढवल्या. अशा तलवारीला फिरंग म्हणतात. उलट, परदेशी ठसा दिसला म्हणून हुरळूनही जाऊ नये, कारण त्या ठशांची नक्कल इथले कारागीर सर्रास करत. ठसा असला तरी पंचाईत, नसला तरी पंचाईत.

काकांच्या बाजूने एकच भक्कम पुरावा आहे. एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या सदबीज लिलावात पहिल्या रघुजींची (१६९५–१७५५) तलवार निघाली आणि महाराष्ट्र शासनाने ती सुमारे ४७ लाख रुपयांत मिळवली. ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. पाते युरोपी, सरळ, एकधारी. मुठीवर सोन्याची कोफ्तगरी, म्हणजे पोलादावर बसवलेली नक्षी. आणि पात्याच्या पाठीवर देवनागरीत सेनासाहेब सुभा या पदवीसह राघोजी भोसले हे नाव. तज्ज्ञांची इतकी सोय फार थोड्या तलवारी करतात.

म्हणूनच सापडलेले पाते चिंच आणि विटेच्या पुडीने घासू नये. कोफ्तगरीचे सोने पोलादावर नावापुरते, पातळ बसवलेले असते. लेख असलाच, तर तो पहिल्या घासणीत निघून जातो आणि घरचे लोक “आता कशी लखलखते” म्हणून खूश होतात. कोरड्या मऊ फडक्याने धूळ पुसावी आणि १८६३ पासून उभ्या असलेल्या अजब बंगल्यात, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालयात, शस्त्रदालनातल्या मुठींशी ताडून पाहावे.

शेवटी कायदा. वस्तू शंभर वर्षांहून जुनी ठरली, तर १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. शस्त्र कायद्याच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची गणना शस्त्रांत होते. घरकामाची आणि शेतीची अवजारे त्यातून वगळलेली आहेत. हे कानावर पडताच रघुजींची तलवार अवघ्या दोन मिनिटांत फणस कापायची सुरी होते, आणि ते सांगायला काकाच सर्वांत पुढे असतात.