फोडणी आणि इतर प्रदूषकं

महाराष्ट्र मंडळाच्या पॉटलकला कुणी "तुम्ही काय करता?" विचारलं, की मी आवाज जरा खाली आणून "पर्यावरण क्षेत्रात आहे" असं सांगतो. समोरच्याला वाटतं, मी व्हेल वगैरे वाचवतो. प्रत्यक्षात मी मिशिगनमध्ये झाडांवर औषध मारणाऱ्या कंत्राटदारांना प्रदूषणाचा विमा विकतो.

पोटापाण्याचं श्रेय एका हिरव्या किड्याला. २००२मध्ये डेट्रॉइटजवळ एमराल्ड अ‍ॅश बोरर सापडला आणि अ‍ॅशच्या झाडांच्या खोडात इमामेक्टिन हे कीटकनाशक टोचायचा धंदाच उभा राहिला. हेच इमामेक्टिन आपल्याकडे घाटेअळीसाठी मारतात. कंत्राटदाराला वाटतं, आपली नेहमीची लायबिलिटी पॉलिसी आहे की! आहे ना. फांदी कुणाच्या गाडीवर पडली तर आहे. फवारा वाऱ्यानं शेजारच्या तळ्यात जाऊन शोभेचे मासे उताणे पडले, तर नाही. १९८६पासून त्या साध्या पॉलिसीत प्रदूषण जवळजवळ सरसकट वगळलेलं आहे. ते वगळलेलं परत आत घ्यायचे पैसे मी घेतो.

आता 'प्रदूषक' म्हणजे काय? पॉलिसीची व्याख्या मला तोंडपाठ आहे आणि ती ऐकवायची संधी मी सोडत नाही. घन, द्रव, वायू किंवा उष्णतेच्या रूपातला कोणताही त्रासदायक पदार्थ. त्यात धूर, वाफ, काजळी, आम्ल, रसायनं, सगळं आलं. एकदा बायको आमटीला फोडणी देत होती. तेल तापलेलं, मोहरी तडतडतेय, हिंग पडला, सुक्या मिरच्या काळ्या व्हायला लागल्या आणि छतावरचा स्मोक अलार्म बोंबलला. भिंतीपलीकडचे शेजारी खोकू लागले. मी खोकत खोकतच सिद्ध केलं, की हा कायदेशीर अर्थानं प्रदूषकाचा उत्सर्ग आहे. घन (मिरची), द्रव (तेल), वायू आणि उष्णता, चारही कलमं एका पळीत! अशा व्याख्येवरून इथल्या राज्याराज्यांतल्या कोर्टांची मतं जुळत नाहीत, हेही सांगितलं. बायको म्हणाली, "मग मलाही वगळ. उद्यापासून आमटी तू कर." तेव्हापासून मी व्याख्या फक्त गिऱ्हाइकांना ऐकवतो.

पण एक प्रकरण मी मंडळात कधी काढत नाही. जून २०१३, ओरेगनमधलं विल्सनव्हिल. दुकानाच्या पार्किंगमधल्या लिंडेनच्या झाडांवर मावा पडला म्हणून डायनोटेफ्युरॉन हे कीटकनाशक फवारलं. झाडं ऐन फुलोऱ्यात. सुमारे पन्नास हजार बंबलबी डांबरावर मरून पडल्या. उरलेल्यांनी फुलांवर जाऊ नये म्हणून झाडांना जाळी घालावी लागली. मी व्यावसायिक नजरेनं वाचत गेलो: मालमत्ता कुणाची, दावा कोण करणार? पाळलेल्या मधमाश्या असत्या तर पेट्यांचा मालक तरी उभा राहिला असता. या रानातल्या. कुणाच्याच नाहीत, म्हणून नुकसान कुणाचंच नाही. माझ्या जाडजूड पॉलिसीत मिरचीच्या धुराला जागा निघते, यांना नाही. याचा मला राग येतो, आणि हप्ता मात्र मी वेळेवर गोळा करतो.

हे सगळं मी एका म्हाताऱ्या कंत्राटदाराला मोठ्या ऐटीत समजावलं. तो म्हणाला, "फुलोऱ्यात मी लिंडेनला हातच लावत नाही. याबद्दल हप्त्यात काही सूट?"

मी अर्ज वरपासून खालपर्यंत पाहिला. टाकी किती गॅलनची, हे विचारलं होतं. ट्रक किती, तेही होतं. त्यानं न मारलेल्या फवाऱ्यासाठी रकाना नव्हता. तरी मी "कंपनीला विचारतो" म्हणालो, कारण मी पर्यावरण क्षेत्रात आहे.