बॅजवाले आणि बघे

कॅलिफोर्नियातल्या अनाहाइम गावी बहुतेक दर जानेवारीत वाद्यांचं एक अवाढव्य प्रदर्शन भरतं. नाव ‘नॅम’. ते भरवणारी संस्था १९०१ सालची, मुळात पियानो विकणाऱ्या दुकानदारांची. आत जायला वाद्य वाजवता यायला हवं अशी अट नाही. धंद्यातला माणूस हवा, एवढीच अट. गळ्यात बॅज हवा. म्हणजे ज्यानं जन्मभर गिटारवर बोटं झिजवली तो दाराबाहेर, आणि ज्यानं गिटारीचे खोके मोजले तो आत.

नारायण पेठेत ही व्यवस्था पहिल्या सकाळीच बारगळली असती. बॅज मागणाऱ्या पोराला आमच्या आप्पांनी आधी त्याचं आडनाव विचारलं असतं, मग त्याचे आजोबा पत्र्या मारुतीपाशी कुठल्या वाड्यात राहायचे ते त्यालाच सांगितलं असतं, आणि बोलता बोलता आत जाऊन ‘ही पेटी जरा चढी वाटते’ असा अभिप्रायही देऊन टाकला असता.

दुकानदारांची बाजू मला कळत नाही असं नाही. वर्षभराच्या मालाची बोलणी चाललेली असताना शेजारी चाळीस हौशी लोक एकाच वेळी ड्रम बडवत असतील, तर आकडा शंभरचा की हजारचा हेच कळायचं नाही. शिवाय घाऊक भाव कानावर पडलेला पुणेकर किरकोळ भावानं पुन्हा जन्मात काही घेणार नाही.

जर्मनीत फ्रँकफुर्टला १९८०पासून असंच मोठं प्रदर्शन भरायचं. तिथं बरीच वर्षं लोकांना शनिवारी सोडत. २०१६पासून सगळेच दिवस खुले केले. करोनानंतर ते प्रदर्शन कायमचं आटोपलं. लोकांना आत घेतल्यामुळे आटोपलं असं मी म्हणत नाही. काही दुकानदार म्हणत असतील. लंडनच्या १८५१च्या महाप्रदर्शनाची तऱ्हा वेगळी. तिथं मे महिना सरता सरता सोमवार ते गुरुवार एक शिलिंग, शुक्रवारी अडीच आणि शनिवारी पाच असे दर ठरले. गर्दी वाटून दिली, पण धंद्याचा पुरावा कुणाला मागितला नाही.

आपल्याकडे मुळात धंदा आणि लोक यांच्यात पडदा धरायची सोयच नव्हती. मिरजेचं पाहा. तिथल्या सतारमेकर घराण्यांचे पूर्वज शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांनी तंतुवाद्यं घडवायला घेतली आणि मिरजेच्या तंबोऱ्याचं नाव झालं. २०२४मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, लाकूड तुणीचं, पण तंबोरा खरा तयार होतो तो तारेला गुंजवणारी जवारी लागते तेव्हा. आणि ती लावताना गिऱ्हाईक समोर मांडी घालून बसलेलं लागतं. कारागीर घोडी घासतो, तारेखालचा दोरा केसभर सरकवतो, तार छेडतो. समोरच्या बाई डोळे मिटून म्हणतात, ‘अजून थोडी.’ पुन्हा घासणं, पुन्हा दोरा. ‘आता जास्त उघडली.’ दोन चहा होतात, दुपार होते, आणि मग कधीतरी खर्जाची तार अशी बोलते की दोघंही गप्प होतात. या बाईंना दारातच ‘आपण धंद्यातल्या आहात का?’ विचारलं असतं, तर कारागिरानं जवारी कुणाच्या कानानं लावली असती? माल पुरा व्हायलाच तिथं बाहेरचा माणूस लागतो. अनाहाइमवाल्यांना हे कुणीतरी सांगायला हवं. पण सांगायला आत जाता आलं पाहिजे.

नारायण पेठेचं स्वतःचं वाद्यप्रदर्शन पावसाळ्यात, गणपतीच्या आधी भरतं. भिडे पुलाच्या बाजूनं, नदीपात्राकडून, संध्याकाळ झाली की ढोल-ताशांचा सराव सुरू होतो. तिकीट नाही, बॅज नाही, वयाची अट नाही. लोकांना आत कसं सोडायचं हा प्रश्नच इथं येत नाही, लोकांनी बाहेर कसं पडायचं हा येतो. पेठेतल्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षेची मुलं कानात बोटं घालून पंचवार्षिक योजना पाठ करत असतात. त्यातला एखादा पुढे जिल्हाधिकारी होईल आणि ध्वनिमर्यादेच्या फाईलवर फार मन लावून सही करेल. आप्पा मात्र खाली उतरतात. ‘पान सैल पडलंय तुझं,’ असं पथकातल्या मुलीला सुनावतात. तीही पुण्याचीच. टिपरू पुढे करून म्हणते, ‘वाजवून दाखवा, काका.’ आप्पा तीन टोल देतात, खांदा चोळतात आणि ‘बरं आहे तसं,’ म्हणून वर येतात.

मुंबईत गोरेगावला ध्वनियंत्रणा आणि वाद्यांचं ‘पाम एक्स्पो’ भरतं, हे नातवानं सांगितल्यापासून आप्पांना तिथं जायचंय. अशा व्यापारी प्रदर्शनांच्या फॉर्मवर काय काय विचारतात, त्याची तालीम दोघांनी परवा आमच्या जिन्यात केली.

‘या व्यवसायाशी तुमचा संबंध काय?’

‘लिही, साठ वर्षं सहन करतोय.’

‘आजोबा, खरेदीचा अंतिम निर्णय कोण घेतं?’

आप्पांनी जिन्यातून वर स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, ‘तो रकाना कोरा सोड.’