पाचवी पास आबा

कुंभिवलीच काय, खालापूर तालुक्यातल्या कुठल्याही गावात जा, टीव्हीसमोर एक आबा बसलेले असतातच. जुनी सातवी फायनल. हॉटसीटवरच्या माणसाला घाम फुटलेला असतो आणि आबा पाय वर घेऊन सुपारी कातरत म्हणतात, "एवढं येत नाही? अन् निघाला करोडपती व्हायला!" स्वतःचं उत्तर मात्र ते राखून ठेवतात. पडद्यावर बरोबर पर्याय हिरवा झाला की लगेच, "तेच म्हणत होतो मी." पावसाळ्यात ऐन प्रश्नाला लाइट जाते. आबांची सगळ्यात ठाम उत्तरं त्या अंधारात दिलेली आहेत.

2000 साली अमिताभ बच्चन ‘कौन बनेगा करोडपती’ घेऊन आले, तेव्हापासून आबांची ही बिनपगारी नोकरी चालू आहे. पुढे सचिन खेडेकर आणि नागराज मंजुळे यांनी तोच खेळ मराठीत मांडला आणि ‘हिंदी समजली नाही’ ही सबबही गेली. पण आबांचा खरा घात केला तो 2008 साली शाहरुख खानने. ‘क्या आप पाँचवी पास से तेज़ हैं?’ हा अमेरिकेतून आलेला खेळ. प्रश्न प्राथमिक शाळेच्या पुस्तकांतले, शेजारी बाकांवर हुशार पोरं, वरचं बक्षीस पाच कोटी. चौथीच्या भूगोलाला पाच कोटी! आबा ताठ बसले. घरातली नात त्याच वर्षी चौथीत होती, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

"आबा, ग्रह किती?"

"नऊ."

"आठ. प्लुटोला दोन वर्षांपूर्वी काढला."

"कोणाला विचारून?"

"महाराष्ट्रात जिल्हे किती?"

"सव्वीस."

"पस्तीस. आपला जिल्हा?"

"कुलाबा."

नात हसून लोळली. पण न्यायाने बोलायचं तर आबांचं काही चुकलेलं नव्हतं. 1960 साली महाराष्ट्र झाला तेव्हा जिल्हे सव्वीसच होते, आणि कुलाब्याचा रायगड झाला 1 जानेवारी 1981 ला. आबा पास होऊन घरी आले, त्यानंतर सरकारने उत्तरं बदलली. 2014 ला पालघर वेगळा होऊन जिल्हे छत्तीस झाले. आबा सव्वीसवरून हललेले नाहीत.

त्यांनी डाव उलटवला. "पंधरा औटं?"

नात गप्प.

"साडेबावन्न!" मांडीवर थाप. औट म्हणजे साडेतीन. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, औटकी, अपूर्णांकांचे सगळे पाढे एका दमात म्हणून झाले.

"आमच्या पुस्तकात नाही हे."

"मग तुमचं पुस्तक नापास."

त्यांचा आणखी एक प्रश्न तयार आहे. 2 फेब्रुवारी 1661, आपल्याच तालुक्यातली उंबरखिंड, आत कोंडलेला सरदार कोण? कारतलबखान. हे कोणीतरी टीव्हीवर विचारावं म्हणून आबा वाट पाहत आहेत.

त्या अमेरिकी खेळाचा रिवाज असा, की हरणाऱ्याने कॅमेऱ्याकडे बघून आपण पाचवीच्या पोरापेक्षा हुशार नाही अशी कबुली द्यायची. आबांनी ती आजवर दिलेली नाही. मागणारे घरातले सगळे थकले.

तेव्हा तुमचा नंबर हॉटसीटवर लागलाच, तर मदतीचा फोन आबांना जपून करा. प्रश्न 1980 च्या आधीचा असेल तरच. औटकीचा असेल तर मात्र दुसऱ्या कोणाला करूच नका.