अपरिहार्यतेचा सातबारा

शासकीय भरतीच्या परिभाषेत ‘अपरिहार्य कारण’ म्हणजे परीक्षा घेणाऱ्याच्या आवाक्याबाहेरची अडचण आणि ‘अनुपस्थित’ म्हणजे परीक्षा देणाऱ्याच्या आवाक्याबाहेरची अडचण. हा भेद ज्याला उमगला त्याला भरतीचे निम्मे शास्त्र अवगत झाले, असे मानण्यास हरकत नाही. अपरिहार्यतेचा सातबारा पूर्वापार यंत्रणेच्या नावे असून उमेदवाराची त्यावर कूळ म्हणूनही नोंद नाही.

हा मालकी हक्क यंत्रणेने वेळोवेळी बजावला आहे. आरोग्य विभागाची २५ व २६ सप्टेंबर २०२१ ची परीक्षा ऐन आदल्या रात्री पुढे ढकलली गेली. २१ ऑगस्ट २०२३ रोजी तलाठी भरतीचा सर्व्हर बंद पडून सकाळचे सत्र रखडले, तेव्हा उशीर झाला म्हणून सर्व्हरला कोणी फाटकाबाहेर उभे केले नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये अतिवृष्टीमुळे राज्यसेवा पूर्वपरीक्षा २८ तारखेवरून ९ नोव्हेंबरला नेली गेली, हे रास्तच झाले. मात्र त्यातून असा सिद्धांत निघतो की, पूर अनेक जिल्ह्यांत आला तर ती आपत्ती आणि एकाच नाल्याला आला तर तो उमेदवाराचा निष्काळजीपणा. जून २०२४ च्या पोलीस भरतीत पावसाने मैदानी चाचणी अडली तेथे पुढची तारीख देण्याचे ठरले, कारण चिखल मैदानातला, म्हणजे खात्याचा होता. घाटातल्या चिखलाला वाली नसतो.

अक्कलकुवा तालुक्यात असा बेवारस चिखल विपुल आहे. मोलगीकडून तालुक्याच्या गावी यायचे तर देवगोई घाट उतरावा लागतो, पावसाळ्यात तेथे दरडी कोसळतात, आणि काळी-पिवळी जीप मिळाली तरी रेल्वेसाठी पुढे नंदुरबार गाठायचे उरतेच. प्रवेशपत्रावर, म्हणजे ज्याला सारे हॉलतिकीट म्हणतात त्यावर, उशिरा येणाऱ्यास प्रवेश नाही अशी तंबी असते; दरडीने किती वाजता कोसळावे, याविषयी मात्र तेथे सूचना आढळत नाही.

अशा दरडीमुळे परीक्षा हुकलेल्याला पुन्हा संधी द्यावी म्हटले, तर एकट्यासाठी वेगळी तारीख दिल्यास समानता बिघडेल, असे सांगितले जाते. तथापि २०२३ ची तलाठी परीक्षा ५७ सत्रांत, वेगवेगळ्या प्रश्नपत्रिकांवर झाली आणि सोप्या-अवघड सत्रांतील गुण एका पातळीवर आणण्याच्या ‘सामान्यीकरण’ नावाच्या गणिताने २०० पैकी २१४ गुणही देऊन दाखवले. शंभराचे एकशे सात करणाऱ्या या गणिताला हुकलेला उमेदवार उरलेल्या ५६ सत्रांपैकी एकात बसवणे मात्र अवघड वाटते.

तरीही नियमांत सवलत निघालीच, तर ती पुराव्याशिवाय मिळणार नाही, हे उघड आहे. दरड खरोखर कोसळल्याचा पुरावा म्हणजे जागेवर जाऊन केलेला पंचनामा, आणि गावपातळीवर तो करणारा कर्मचारी म्हणजे तलाठी, ज्याला २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. ते पद जेथे रिक्त असेल तेथे ते भरले जाईपर्यंत, म्हणजे उमेदवाराची हुकलेली तीच परीक्षा पार पडेपर्यंत, पंचनाम्यासाठी थांबावे लागेल.