क्वाथ, फांट आणि कटिंग

भारतीय अन्नसुरक्षेच्या नियमांत चहाची जी व्याख्या केलेली आहे तिच्यानुसार ‘कॅमेलिया सायनेन्सिस’ या वनस्पतीची पाने, कळ्या आणि कोवळे देठ यांपासून, आणि केवळ त्यांपासूनच, तयार झालेल्या पदार्थाला चहा म्हणता येते; महाराष्ट्रात मात्र या नावाखाली जे उकळले, गाळले आणि प्यायले जाते त्यातले बरेचसे या व्याख्येच्या कुंपणाबाहेर पडते, आणि जे आत राहते त्यातही त्या वनस्पतीचा अंश दूध, साखर आणि आले यांच्या मानाने इतका अल्पसंख्य असतो की त्याला आरक्षण मागण्याचा हक्क पोहोचावा.

वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने प्रकरण सोपे आहे. पांढरा, हिरवा, उलाँग आणि काळा हे चारही चहा एकाच झाडाचे असून, पाने खुडल्यावर त्यांचा हवेतील प्राणवायूशी किती काळ संबंध येऊ दिला, यावरच त्यांचे रंग ठरतात. या क्रियेस ऑक्सिडीकरण म्हणतात आणि कापून ठेवलेले सफरचंद तांबूस पडते ते याच जातीच्या क्रियेमुळे. १९३०च्या सुमारास आसामात ‘सीटीसी’ नावाची पद्धत निघाली, जिच्यात पान क्रमाने चिरडले, फाडले आणि गुंडाळले जाते. या तिन्ही क्रिया मराठी वाचकाला भाऊबंदकीच्या दाव्यांवरून परिचित असल्याने त्या अधिक समजावून सांगण्याचे कारण नाही. तिच्यातून निघणारा कडक, गोळीदार दाणा दुधापुढे हार मानत नाही, म्हणून तोच महाराष्ट्राच्या डब्यांत जाऊन बसला. दार्जिलिंगचे नाजूक पान दुधात पडताच निःशब्द होते आणि त्याची किंमत ठाऊक असलेले गृहस्थही मग निःशब्द होतात.

खरी अडचण पुढे आहे. आयुर्वेदात वनस्पतीतील गुण पाण्यात उतरवण्याच्या वेगवेगळ्या कृती नेमून दिलेल्या आहेत. औषधाच्या सोळापट पाणी घालून ते एक-अष्टमांश उरेपर्यंत आटवले की होतो तो क्वाथ, म्हणजेच रूढ भाषेतला काढा. उकळते पाणी औषधावर ओतून, थोडा वेळ झाकून, गाळून घेतले की होतो तो फांट. आणि थंड पाण्यात रात्रभर भिजवले की होतो तो हिम, ज्याचा आधुनिक अवतार शहरी उपाहारगृहांत ‘कोल्ड ब्रू’ या नावाने बराच महाग मिळतो. या वर्गीकरणाला प्रमाण मानले तर चिनी, जपानी आणि इंग्रज लोक पितात तो फांट ठरतो, आणि पाणी, साखर, आले व चहा पावडर एकत्र उकळून, दूध घालून, पुन्हा दोनदा वर येऊ देऊन, मधल्या वेळेत शेजारच्यांशी बोलणे झाल्यामुळे आणखी थोडा आटवून मराठी घरांत जे सिद्ध होते तो निःसंशय क्वाथ ठरतो. याउलट ज्याला ही घरे ‘हर्बल टी’ म्हणतात, म्हणजे कागदी पुरचुंडी दोऱ्याने गरम पाण्यात खालीवर करून जे पाणी किंचित पिवळे केले जाते, तो फांट होय. तात्पर्य, महाराष्ट्र ज्याला चहा म्हणतो तो काढा आहे, आणि ज्याला औषध समजून नाक मुरडत पितो तोच कृतीने चहाच्या अधिक जवळचा आहे. परंतु हा निष्कर्ष स्वयंपाकघरात जाऊन सांगण्याचे धाडस अद्याप कोणा वैद्याने केल्याचे ऐकिवात नाही.

चहा करण्याची प्रमाण पद्धती ठरवण्याचा प्रयत्न आंतरराष्ट्रीय पातळीवर झालेला आहे. आयएसओ ३१०३ या क्रमांकाचे मानक १९८० साली प्रसिद्ध झाले असून त्यात दर १०० मिलिलिटर पाण्यास २ ग्रॅम पत्ती आणि ६ मिनिटे मुरवणे असा दंडक आहे. त्याला आधारभूत ठरलेले ब्रिटिश मानक सहा पानांचे होते आणि त्याबद्दल तेथील मानक संस्थेला १९९९ साली साहित्याचे इग्नोबेल, म्हणजे आधी हसवून मग विचार करायला लावणाऱ्या कामगिरीसाठी दिले जाणारे विडंबनात्मक पारितोषिक, मिळाले. हे मानक चवीची तुलना करणाऱ्या परीक्षकांसाठी आहे, तहानलेल्यांसाठी नाही, हे न्यायाने सांगितले पाहिजे. तथापि सहा पानांत एक गोष्ट राहून गेली आहे: चहा उकळत असताना दोन पाहुणे अधिक आले तर काय करावे. मराठी मानकात, जे कोठेही लिहिलेले नाही आणि तरीही कोठेही मोडले जात नाही, यासाठी स्वतंत्र तरतूद असून ती ‘पाणी वाढवणे’ या नावाने ओळखली जाते. त्याच मानकात चोथा गुलाबाच्या कुंडीत टाकावा असेही आहे, जरी घरात गुलाब जगल्याचा पुरावा नसला तरी.

परिभाषेचा सर्वाधिक गोंधळ ‘हिरवा चहा’ या शब्दाने घातला आहे. कालपरवापर्यंत या शब्दाचा अर्थ परसात, न्हाणीच्या पाण्यावर वाढणारा गवती चहा असा होता, ज्याला काही घरांत ‘चहाची पात’ असेही म्हणतात. शास्त्रीयदृष्ट्या हे गवतच आहे, ज्वारी आणि ऊस यांच्या कुळातले, आणि त्यातील सिट्रल या द्रव्यामुळे त्याला लिंबासारखा वास येतो. चहाच्या झाडाशी त्याचे नाते आडनाव सारखे असण्यापलीकडे जात नाही. हा हिरवा चहा एकट्याने पिण्याचा नव्हताच. तो साध्या चहात पडायचा, विशेषतः पावसाळ्यात आणि विशेषतः कोणी शिंकले असता. पुढे वजन कमी करणारा म्हणून जाहिरातींतला ‘ग्रीन टी’ आला, त्याचेही भाषांतर ‘हिरवा चहा’ असेच झाले, आणि सुनेने मागितलेल्या एका हिरव्या चहाऐवजी सासूने दुसरा, तोही दूध-साखर घालून, पुढे केल्याने निर्माण होणाऱ्या पेचाला मराठी भाषाशास्त्राकडे उत्तर उरले नाही.

गोकर्णाचे उदाहरण आणखी बोलके आहे. कुंपणावर चढणारी ही निळ्या फुलांची वेल पिढ्यान्‌पिढ्या देवपूजेच्या कामी आली. आता तिचीच वाळलेली फुले चिमुकल्या बरण्यांतून ‘ब्लू टी’ म्हणून विकली जातात. त्या निळ्या पाण्यात लिंबू पिळले की ते जांभळे होते, कारण त्यातील अँथोसायनिन नावाची रंगद्रव्ये आम्लात रंग बदलतात. पाहुणे या रूपांतराचे छायाचित्र घेतात, ‘किती छान’ म्हणतात, आणि थोड्या वेळाने यजमानांना हळूच विचारतात, की आता चहा टाकणार ना. या एका प्रश्नात चहाची ती व्याख्या दडलेली आहे जी नियमावलीत सापडत नाही: आलेल्या माणसापुढे जे ठेवले असता आतिथ्य पुरे झाले असे दोन्ही पक्षांना वाटते तो चहा, आणि ज्यानंतर पुन्हा चहा विचारावा लागतो ते बाकी सर्व. २०२०च्या साथीत आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, काळी मिरी, सुंठ आणि मनुका यांचा काढा दिवसातून एकदोनदा घेण्याचा सल्ला दिला होता आणि घरोघर तो निष्ठेने प्यायलाही गेला. पण त्या काळातही काढा हा चहाऐवजी नव्हे, तर चहाच्या आधी किंवा नंतर झाला.

बाजारातील पोटभेदांविषयी थोडक्यात सांगता येईल. पुण्याची अमृततुल्ये राजस्थानातून आलेल्या कुटुंबांनी रुजवली आणि पितळी पातेले व आले-वेलदोड्याचा वास हे त्यांचे बोधचिन्ह झाले. मुंबईच्या इराण्याकडे ‘पानी कम’ म्हणजे दुधाळ चहा मिळतो. कटिंग म्हणजे अर्धा पेला, ज्यात बचत आणि संयम यांचा आभास असतो, जो दुसरा कटिंग मागवताच नाहीसा होतो. कोकणात बिनदुधाचा ‘कोरा’ चहा आहे. गेल्या काही वर्षांत रस्तोरस्ती फोफावलेल्या गुळाच्या चहात गूळ किंचित आम्लधर्मी असल्याने दूध फाटण्याचे भय असते, म्हणून जाणकार गूळ शेवटी, आच बंद केल्यावर घालतात. न जाणणारे फाटलेला चहाच नवा प्रकार म्हणून खपवतात. मुंबईचे नाते तर खास आहे: पोर्तुगालच्या कॅथरिन ऑफ ब्रॅगांझा हिच्या विवाहाच्या १६६१च्या करारात मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण मिळाली, आणि तिनेच पुढे इंग्रज दरबारात चहाची आवड फैलावली. चहा राजवाड्यात राहिला. मुंबई मात्र १६६८ साली वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीकडे गेली. नफा कोणात झाला याचा हिशेब वाचकाने करावा.

चहा हे पेय नसून संबंध आहे याचा सर्वांत पक्का पुरावा मात्र पुण्यानेच दिला. १८९०च्या ऑक्टोबरात गोपाळराव जोशी यांनी पंचहौद मिशनमध्ये शहरातील प्रतिष्ठितांना व्याख्यानासाठी जमवले; व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे आली. काहींनी चहा घेतला, तर काहींनी अनादर नको म्हणून पेला नुसता हाती घेऊन खाली ठेवला. जोशींनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आणली आणि ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या हातचे पेय घेतल्याचा वाद थेट शंकराचार्यांपर्यंत गेला. चौकशी समिती बसली आणि प्रायश्चित्ताची भाषा झाली. न्यायमूर्ती रानडे यांनी पुढे प्रायश्चित्त घेतले, त्यावरून सुधारक नाराज झाले. टिळकांनी आपण काशीत प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले, त्याने सनातन्यांचे समाधान झाले नाही. एवढ्या मोठ्या प्रकरणात तो चहा कडक होता की पातळ, आणि त्यात साखर पुरेशी होती का, हा प्रश्न कोणी विचारला नाही, आणि विचारायलाही नको होता. कारण वाद पत्तीचा नव्हता, तो पुढे करणाऱ्या हाताचा होता.

ही परंपरा खंडित झालेली नाही, फक्त उलटी झाली आहे. त्या वेळी चहा प्यायल्याचा गुन्हा होता, आता न पिण्याची भूमिका असते. विधिमंडळाच्या अधिवेशनाच्या पूर्वसंध्येस मुख्यमंत्री विरोधी पक्षांना चहापानाचे निमंत्रण देतात, विरोधी पक्ष पत्रकार परिषद घेऊन त्यावर बहिष्कार घालतात, आणि दुसऱ्या दिवशी तीच बातमी गेल्या अधिवेशनाच्या बातमीवरून उतरवल्यासारखी छापून येते. सरकारे बदलतात, कालचे यजमान आजचे बहिष्कारकर्ते होतात. पत्रकार परिषद संपली की तेही आत जातात आणि सर्वांसाठी चहा सांगतात.