स्पीडकाका

स्पीडकाकांचा वास्तुशास्त्रावर काडीचाही विश्वास नाही. दार दक्षिणेला आहे म्हणून फ्लॅट नाकारणाऱ्याला ते तोंडावर मूर्ख म्हणतात. पण तुमच्या घरात पाऊल टाकल्याबरोबर त्यांचं पहिलं वाक्य असतं, "हे लोखंडी कपाट इथं कुणी ठेवलं? आणि हा फिशटँक? हलवा आधी!"

वाय-फायच्या लहरी लोखंडावर आपटून परत फिरतात आणि पाण्यात जिरतात, हे काका चपला काढता काढताच सांगून टाकतात. राउटर घराच्या मध्यावर, उंच आणि मोकळा असावा, हा त्यांचा धर्म. सोसायटीतल्या घराघरांत मात्र तो बरा दिसत नाही म्हणून टीव्हीखालच्या खणात असतो आणि वर क्रोशाचा रुमाल असतो. रुमालानं सिग्नल अडत नाही हे काकांना पक्कं ठाऊक आहे. तरीही शिस्त म्हणून ते तो दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवतात.

काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. खांद्याला कापडी पिशवी. तिच्यात निळी केबल, पक्कड आणि प्लास्टिकच्या डबीत कनेक्टर. सोसायटीत कुणाचं लग्न ठरलं, कुणाचं मोडलं, याची त्यांना दाद नसते; पण कुणाचा राउटर कितव्या चॅनेलवर आहे, ते झोपेतही सांगतील.

"काका, 100चा प्लॅन घेतलाय आणि डाउनलोड 12नं होतंय. फसवतात हो!" अशी तक्रार आली की काका खुलतात. "100 मेगाबिट, मेगाबाइट नव्हे. आठानं भाग." भागाकार साडेबारा येतो, तक्रारदाराचं समाधान होतं. काकांचं होत नाही. ते उरलेला अर्धा शोधायला बसतात.

मध्यंतरी दुसऱ्या मजल्यावर लग्नाच्या व्हिडिओंचे 40 जीबी आतल्या खोलीतल्या लॅपटॉपवरून हॉलमधल्या कॉम्प्युटरवर न्यायचे होते. पडद्यावर चार तास दाखवत होते. घरच्या कर्त्यानं आधीच महागडा प्लॅन घेऊन टाकला होता.

"अरे, फाइल आतून बाहेर चाललीय, कॅलिफोर्नियाला नाही! प्लॅनचा काय संबंध?" काका कडाडले. मग त्यांनी उलगडा केला. फाइल आधी हवेतून राउटरकडे जाते, तिथून त्याच हवेतून दुसऱ्या यंत्राकडे. एका वेळी एकानंच बोलायचं, बाकीच्यांनी गप्प बसायचं. म्हणून वेग निम्मा.

"मग आपल्या घरात नाही जमायचं," सोफ्यावरून आजोबा म्हणाले.

त्यात शेजारपाजारची गर्दी. 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, 1, 6 आणि 11, बिऱ्हाडं अठ्ठावीस. काकांनी वार्षिक सभेत चॅनेलवाटपाचा रीतसर ठराव मांडला होता. आधी पार्किंगचं मिटू दे, म्हणून सेक्रेटरींनी तो पुढं ढकलला. तितक्यात स्वयंपाकघरातून मायक्रोवेव्हची घरघर आली आणि वेग आणखी पडला. "तोही याच पट्ट्यातला!" काका ओरडले. काकांसाठीच गरम होत असलेली साबुदाण्याची खिचडी अर्ध्यावर थांबली. 5 गिगाहर्ट्झ लावून पाहिलं. पण मधल्या दोन भिंती ओलांडेपर्यंत त्याचा दम संपला.

शेवटी पिशवीतली केबल निघाली. लॅपटॉप आणि कॉम्प्युटर, दोन्ही राउटरला जोडले. लॅपटॉपवर 1000 दिसायला हवे होते, दिसले 100. काकांचा चेहरा उजळला. रोग जितका लपलेला, तितके ते प्रसन्न. "आठ तारांपैकी चारच लागल्यात!" त्यांनी टोक छाटलं, आठही तारा रंगवार लावल्या, पक्कड दाबली. चार तासांचं काम सहा-सात मिनिटांत उरकलं. सगळं घर टाळ्या वाजवत असताना वहिनींनी विचारलं, "पण काका, ही वायर अशीच राहणार हॉलमध्ये?"

काकांच्या आयुष्याची शोकांतिका या प्रश्नात आहे. त्यांचं निदान कधी चुकत नाही, पण त्यांचं औषध दिसायला वाईट. पाहुणे यायचे म्हणून केबल गुंडाळली जाते, राउटर खणात जातो, रुमाल वर येतो. पुढच्या वेळी त्या घरानं काकांना न सांगता परस्पर पेनड्राइव्ह वापरला. जिन्यात हे कळल्यावर काका दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी त्याच घरातून फोन. "काका, पेनड्राइव्ह 32 जीबीचा आहे, अख्खा रिकामा आहे, आणि 6 जीबीचा एक व्हिडिओ त्यात जात नाही. फाइल मोठी आहे म्हणतोय."

"फॅट थर्टीटू!" काका पुटपुटले. "चार जीबीच्या वरची फाइल त्याला गिळता येत नाही." राग कुठल्या कुठे पळाला. "थांब, कुणी हात लावू नका, मी आलोच," असं म्हणून त्यांनी पिशवी उचलली. पेनड्राइव्हला केबल लागत नाही, हे काकूंनी आठवण करून देईपर्यंत ते लिफ्टमध्ये शिरले होते.